सरदारची जोडीदारीण

"हंस घेऊन येणाऱ्या माणसाला कांदेपोहे?" कढई बघताच मनस्विनीने विचारलं.

"दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं का?" शारदाबाई कोथिंबीर चिरत राहिल्या. "आणि तो मळका कुर्ता बदल गं. चार माणसांत बरं दिसत नाही."

मनस्विनीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने कुर्ता बदलला नाही.

जे. पी. नगरमधल्या या घरामागे सासऱ्यांनी हौसेने तळं बांधून राजहंसांची जोडी सोडली होती. सासरे गेले. मग तिचा नवरा त्रिविक्रम अपघातात गेला. यंदा उन्हाळ्यात मादीही गेली. उरलेला नर, सरदार, तेव्हापासून कुणाला तळ्याजवळ फिरकू देत नव्हता. परवा तर तिच्या लेकीच्या, केतकीच्या अंगावर धावून गेला. एवढ्याशा पोरीच्या पोटरीवर अजून काळानिळा डाग होता.

"देऊन टाका त्याला कुणाला तरी," मनस्विनी कितीदा म्हणाली. सासूबाईंचं एकच. "एकटा पडलाय बिचारा. सोबत मिळाली की निवळेल." आणि हल्ली त्याला एक शेपूट जोडलेलं असायचं. "सोबत सगळ्यांनाच लागते, मनू."

ते शेपूटच तिला टोचत होतं.

हेब्बाळहून गुंडूराव आले. गाडी त्यांचा मुलगा वेणुगोपाल चालवत होता. मागच्या सीटवर पंख गोणपाटात गुंडाळलेली मादी, मान तेवढी बाहेर. बापलेक दोघांचेही कपडे कडक इस्त्रीचे. पक्षी पोचवायला कोण असं नटून येतं?

शारदाबाई बाहेर आल्याच नाहीत. "तूच बोल त्यांच्याशी, घरचं माणूस म्हणून," आतूनच म्हणाल्या.

मादीला पाण्यात सोडलं. सरदार फुत्कारत तिच्यावर गेला. मनस्विनीने केतकीला पटकन कडेवर घेतलं.

"स्वल्प, जरा थांबा," गुंडूराव म्हणाले. "पहिल्यांदा सगळेच रागावतात."

वेणुगोपाल तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. "अक्का, ऑफिस कुठे तुमचं?"

"बेळ्ळंदूर." इथे कानडी मुलखात भाजीवालाही अक्का म्हणतो. त्याचं तिला काही वाटलं नाही.

"अरे देवा, त्या ट्रॅफिकमध्ये? मग छोटी दिवसभर कुणाजवळ?"

"आजीजवळ."

"आमच्याकडे हेब्बाळला जागा पुष्कळ आहे. झाडं, पाणी, सगळं." तो केतकीकडे बघून हसला. "करमेल ना गं तुला तिथे?"

तळ्यात सरदारने मान खाली घेतली होती. मादी त्याच्याभोवती हळूहळू फिरत होती. मनस्विनीचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हंस द्यायला आलात, की मला बघायला?"

वेणुगोपालचा चेहरा पडला. "अक्का, तसं नाही. आम्हाला वाटलं, घरात तुम्हाला सांगितलंय..."

"काही सांगितलेलं नाही! सोबत हवी म्हणून कुणी अर्ज केला होता तुमच्याकडे? मुक्या पक्ष्याच्या आडून दारात शिरता, लाज नाही वाटत? उचला तिला! पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही."

तिचा आवाज ऐकून केतकी रडायला लागली.

गुंडूरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पाण्यात उतरून त्यांनी मादीला छातीशी धरलं. सरदार काठापर्यंत त्यांच्यामागे आला, पण चावला नाही. "सरी, ठीक आहे," एवढंच गुंडूराव म्हणाले. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ओल्या पायांनी गाडीत बसले.

गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत मनस्विनी घरात घुसली.

"आई, मी त्रिविक्रमची बायको आहे, आणि तीच राहणार! पुन्हा माझ्या लग्नाचा घाट घातलात, तर केतकीला घेऊन पुण्याला माहेरी निघून जाईन. तोंड दिसायचं नाही तिचं!"

शारदाबाई ओट्याला धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या. मघाची सुती साडी जाऊन अंगावर मोरपंखी इरकल होतं. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता. तो त्यांनी हळूच ओढून काढला.

"तुला नाही गं," त्या म्हणाल्या. "ते मला बघायला आले होते."