शंभरांतले एकेचाळिसावे घड्याळ

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गोव्यातल्या सर्वण गावी गौरेश गावसच्या कपाटात, सीलबंद खोक्यातले घड्याळ चालू झाले.

घड्याळ मनगटी, जुन्या धाटणीचे, चावी द्यावी लागणारे, तबकडीवर सर्कशीतला विदूषक. अशी शंभरच निघाली, हे एकेचाळिसावे. संग्राहक सील फोडत नाहीत. गौरेशनेही फोडले नव्हते.

एका चावीत ते दीड दिवस चालते. दहाव्या दिवशीही टिकटिक थांबली नव्हती.

“सील फोडलं की ते नुसतं घड्याळ राहतं,” गौरेश म्हणाला.

“मग त्या खोक्याबरोबरच संसार कर. मी चोपड्याला माहेरी, आवयकडे जाते,” त्याची बायको सुविधा म्हणाली. तिला सातवा महिना होता.

त्याच दुपारी त्याने तिच्यासमोर सील फोडून खोके उघडले. काचेवरचे प्लास्टिक तसेच होते. पट्ट्याला मात्र तबकडीच्या अगदी जवळ एक जास्तीचे भोक होते आणि तिथले चामडे घामाने ओले होते. गौरेशने त्या भोकात बकल अडकवून पाहिले. जेमतेम अंगठा मावेल एवढे कडे झाले.

सुविधाने दोन्ही हात पोटावर ठेवले.

“सोड ते,” ती म्हणाली. “बाळ हात ओढतंय.”

बकल अजून निघालेले नाही.