वरच्या मजल्यावरचा बेस

मांडणीतल्या वाट्या थरथरायला लागल्या, तशी धाकटीने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि छताकडे पाहिलं.

"आला बघ तुझा वरचा," ताई भांडी विसळता विसळता म्हणाली.

धाकटी भिंतीला पाठ टेकून ऐकत राहिली. काय बेस होता! नुसता जाड नाही. खालून सावकाश उठे, मध्येच एक हेलकावा घेई आणि तळपायांतून थेट पोटात शिरे. गाणं नव्हतं, ठेका नव्हता, एकच लांबवलेला सूर. म्हणजे हाही आवाज घडवायला बसलाय, तिने ताडलं. आपल्यासारखाच. फरक एवढाच, की याला येतंय. तिच्या पोटात दुखलं, आणि ते काही बेसमुळे नव्हतं.

पार्ट्यांमध्ये लोक ज्यावर नाचतात, त्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा बेस कॉम्प्युटरवर शून्यातून घडवायला ती मास्तरांकडे ऑनलाइन शिकत होती. मास्तरांना स्टुडिओत हाताखाली एक माणूस हवा होता. वर्गात ज्याचा बेस सरस, त्याला ती जागा. मुदत आज संध्याकाळची. नाही जमलं तर सोमवारपासून ताईच्या दवाखान्यात फोन उचलायचे, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. ताई वाईट नव्हती. एकटीने घर ओढून दमली होती, इतकंच.

एका जागी चिकटून बसलं की कान बधिर होतात, असं मास्तर बजावत. दर थोड्या वेळाने उठावं, आवाज पुन्हा पुन्हा वाजता ठेवावा, परत येऊन ताज्या कानाने ऐकावा. त्यामुळे तिच्या खोलीत दिवसभर काहीतरी गुरगुरत असे आणि ती घरभर येरझारा घालत असे. ताई म्हणे, हिच्या पायाला भिंगरी आहे, कानाचं नुसतं निमित्त.

ती खोलीत परतली. खुर्चीत बसून स्पीकरकडे कान दिला. तिचा बेस पत्र्याचा डबा वाजवावा तसा किरटा वाटत होता. तिने तळाचा सूर आणखी वाढवला. तरी तेच. मागच्या वेळी असाच वाढवून पाठवला, तर मास्तरांचं उत्तर आलं, तळ फार झालाय, तू बसतेस तिथे तो ऐकू येत नसेल, आधी खुर्ची हलवून बघ. इथे तळाचा पत्ता नाही आणि हे फर्निचरवर घसरले! खोली एवढीशी. पलंग आणि कपाट यांच्या मधोमध टेबल कसंबसं मावलेलं, ते हलवून काय छपरावर ठेवायचं?

वरचा नुकताच राहायला आला होता. मोठाले काळे खोके घेऊन, गळ्यात हेडफोन अडकवून. त्याचं नीट ऐकावं म्हणून आपला आवाज बंद करावा, तर तो नेमका तेव्हाच गप्प. आतल्या गाठीचा असणार, असं तिने ठरवून टाकलं होतं. परवा तो जिन्यात भेटला.

"त्या आवाजाबद्दल बोलायचंच होतं," तो म्हणाला.

"माझी काही तक्रार नाही," ती घाईने म्हणाली. "उलट चालू द्या. शिकायला मिळतं."

"शिकायला," तो म्हणाला. "बरं. मग मी काय बोलणार?" आणि दोन दोन पायऱ्या ओलांडत वर निघून गेला. शिष्टच आहे, ती मनात म्हणाली.

आज मात्र तिने लाज सोडली. त्याचाच आवाज चोरायचा. स्वयंपाकघरात जाऊन ऐकायचं, धावत येऊन इथे आवाज गाळायचा फिल्टर फिरवायचा, हेलकावा जरा लांबवायचा, पुन्हा तिकडे पळायचं. दुपार अशी घाम गाळण्यात गेली. ती इथे जितकी झटे, तितका तो मेला तिकडे सुधारत जाई. उन्हं कलली तेव्हा वरचा बेस पिकून नुसता गोळीबंद झाला होता, आणि तिचा होता तिथेच.

शेवटच्या खेपेला ती स्वयंपाकघरात गेली, तर ताई नळ बंद करून ओल्या हातांनी नुसती उभी होती.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ताई हळूच म्हणाली. "पण ती जागा खरं तर याला मिळायला हवी, नाही का गं?"

ताईच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

धाकटी खोलीत आली. तिने मास्तरांना लिहून टाकलं, मी माघार घेते, आमच्या वर एक मुलगा राहतो, त्याला विचारा. निरोप गेला. मग तिने आपलं सगळं काम निवडलं, आजचं आणि आजवरचं. कायमचं पुसायचं का, परत मिळणार नाही, असं कॉम्प्युटरने विचारलं. समोर तिचा बेस अजून तसाच किरकिरत होता. तिला त्याची दया आली नाही, रागच आला. तिने बटण दाबलं.

खोली शांत झाली. तिला वाटलं होतं रडू येईल. उलट मोकळं वाटलं. संपली एकदाची धावपळ, सुटले.

ताई दारात येऊन उभी राहिली. हात अजून ओलेच होते.

"अगं, वरचा तर आत्ता फाटकातून आत येतोय, मी खिडकीतून पाहिलं," ती म्हणाली. "मग हे वाजायचं आत्ता बंद कोणी केलं?"