आडनावाची जागा

प्रयोगशाळेतल्या तिच्या पांढऱ्या कोटावर 'चैताली संभाजी' एवढंच शिवलेलं होतं. पुढे दोन बोटं जागा मोकळी. आडनाव ऐकून वर्गातल्या मुली लांब बसू नयेत, म्हणून बाबांनी ते शाळेच्या दाखल्यातूनच गाळलं होतं. हडपसरच्या या नोकरीत अकरा वर्षं झाली, तरी तिनेही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा गेले. चौथ्या दिवशी ती कामावर आली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या केळकरबाई हळूच म्हणाल्या, "अगं, इतक्यात कशाला आलीस? तेरावं तरी होऊ द्यायचंस! आपल्यात असं चालतं का?"

चैतालीने मायक्रोस्कोपवरून मान वर केली.

 

"बाई, आमच्यात तेरावं नसतं. आम्ही बौद्ध आहोत. रविवारी विहारात बाबांचं पुण्यानुमोदन आहे. याल?"