एका कापडावर

लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून बायका ते भिजवून फळीवर आपटत होत्या आणि म्हातारी एफी गात होती. अख्ख्या हेब्रिडीज बेटांत तिच्याइतकी गाणी कुणाला येत नव्हती. सातवं संपवून म्हातारीने पुन्हा पहिलंच उचललं. हात थबकले. एका कापडावर एक गाणं दोनदा म्हटलं की ते घालणाऱ्याचं काही खरं नसतं. “शोनाक, आईला आवर!” शेजारीण कुजबुजली. “तुझा नवरा दर्यावर जातो, त्याच्याच कोटाचं कापड हे.” शोनाकने आईकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी तो चेहरा उजळला होता. “कोट मीच घालीन,” म्हणत तिने पालुपद धरलं. हळूहळू बाकीच्याही गाऊ लागल्या. गाणं संपल्यावर एफीने लेकीचा ओला हात धरला. “गोड गळा गं. कोणाची तू?” “एफीची.” “तरीच! तिच्याकडून शीक. ती एका कापडावर गाणं दोनदा कधीच म्हणत नाही.”