थंडीतला घाम

अपघातानंतर वर्षभर कापडाखाली झाकून ठेवलेली मोटारसायकल त्याने ऐन कडाक्याच्या थंडीत बाहेर काढली. बायकोने त्याला अडवलं नाही. लोकरीच्या अस्तराचं जॅकेट आणि जाड हातमोजे तेवढे आणून दिले.

पहिल्याच संध्याकाळी तो घरी आला तो घामाने निथळत.

"थंडी नाही ना वाजली?" तिने दारातच विचारलं.

"छे! काय जबरदस्त जॅकेट आणलंयस! भट्टीत बसल्यासारखं वाटत होतं. आणि गाडी? अजून लोण्यासारखी चालते."

त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. रस्ता कसा मोकळा मिळाला, वारा कसा जाणवलासुद्धा नाही, सगळं सांगून झालं. हातमोजे काढले, पुन्हा घातले. किल्ली या खिशातून त्या खिशात गेली. पाय काही एका जागी ठरेना.

ती सावकाश पायऱ्या उतरून गाडीपाशी गेली आणि तिने इंजिनावर हात ठेवला. ते बर्फासारखं गार होतं.

सकाळी नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेलेली गाडी त्याने आता तशीच ढकलत घरी आणली होती. दिवसभर गाडी तिथेच उभी; कामावर जाणं-येणं बसने.

"उद्या मी मागे बसते," ती म्हणाली. "त्या दिवशी बसले होते तशीच. फक्त माझी ही काठी कुठे बांधायची, तेवढं बघून ठेव."