पूर्ण समाधानी गिऱ्हाईक

"उघडू नका," क्लेमेंट याउ म्हणाला. "सीलबंदच द्या."

फुंगबाईंनी तोवर खोक्याची चिकटपट्टी नखाने निम्मी सोडवलीही होती. हाँगकाँगमधल्या शाम शुई पोच्या तळघर बाजारातल्या या दुकानात त्या सव्वीस वर्षं बसत होत्या, आणि न तपासलेलं मशीन त्यांनी सख्ख्या भावालाही दिलं नव्हतं.

"देखण्या, इथे वॉरंटी म्हणजे मी," त्या म्हणाल्या. या बाजारात पन्नाशीच्या आतला प्रत्येक पुरुष देखणा असतो; त्याचा चेहऱ्याशी संबंध नाही. "इंग्लंडला पाठवायचं म्हणतोस. तिथे जाऊन बंद पडलं तर?"

"नाही पडणार, मावशी. भेट द्यायचीय. ब्रिस्टलला, चुलतभावाला."

"मग तर तपासायलाच हवं. चुलतभाऊ जन्मभर बोलून दाखवतात."

क्लेमेंटला चुलतभाऊ नव्हता. साहेब होते, सेंट्रल या बड्या कचेऱ्यांच्या भागात, वकिलांच्या कचेरीत, बाविसाव्या मजल्यावर. गेम कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्यामार्फत फुंगबाईंवर लंडनच्या कोर्टात दावा लावला होता. आशियासाठी बनवलेलं मशीन इंग्लंडला विकायचं नाही. तिथे ते नीट चालत नाही, गिऱ्हाईक फसतं, प्रसंगी शॉकही लागतो, असं कंपनीचं म्हणणं. कोर्टाने ते मानलं की दुकान बंद, कारण बाईंची दहातली नऊ खोकी इंग्लंडलाच जात. बाई तिकडे माल विकतात याला पुरावा म्हणून एक सीलबंद खोकं आणि ब्रिस्टलच्या पत्त्याची पावती हवी होती. ती आणायला क्लेमेंट बोगस गिऱ्हाईक होऊन आला होता. जुलै महिन्यात, कोट-टाय घालून.

बाईंनी वायर सोडली आणि प्लग त्याच्या नाकासमोर धरला.

"बघून घे. तीन चपट्या पिना. इंग्लंडात हाच चालतो."

"हाच?"

"मग? गोरे जाताना सगळं घेऊन गेले, भिंतीतली भोकं तेवढी राहिली. टीव्हीही त्यांच्याच पद्धतीचा. बस खाली."

विजेच्या धोक्याचं कलम क्लेमेंटने परवाच स्वतः टाइप केलं होतं. त्याने प्लगच्या पिना बोटाने मोजल्या आणि तो स्टुलावर बसला.

"हा रिमोट तू धर, हा मी. दोन आहेत म्हणजे दोन माणसं लागतात."

पडद्यावर गाड्यांची शर्यत सुरू झाली. आधी त्याने रिमोट दोन बोटांत धरला होता, पुराव्याची वस्तू धरतात तसा. दुसऱ्या फेरीला कोट निघाला. तिसऱ्या फेरीला टाय खांद्यावरून मागे गेला.

"अरे, वळणावर वेग कमी कर. टॅक्सी चालवतोयस का?"

"मावशी, तुम्ही मुद्दाम धडकलात."

"मुद्दाम कशाला? तू मध्ये आलास."

"हा डाव धरायचा नाही."

"तपासणीत कसली हारजीत," बाई म्हणाल्या आणि पहिल्या आल्या.

क्लेमेंटला आपला रिमोट किंचित जड वाटला. तो पुन्हा तपासायला हवा होता. मग रिमोटांची अदलाबदल करून बघायला हवी होती. चौथ्या तपासणीत तो गाडीच्या नाकाएवढ्या फरकाने जिंकला, आणि मशीन निर्दोष असल्याची त्याची खात्री पटली.

बाईंनी पावती केली. ब्रिस्टलचा पत्ता लिहिला. त्याखाली, प्रत्येक गिऱ्हाइकाला लिहितात तसं लिहिलं: समोर लावून पाहिलं. इंग्लंडच्या प्लगवर, इंग्लंडच्या टीव्हीवर उत्तम चालतं. पूर्ण समाधानी.

"इथे सही कर. आणि खाली कामाचा पत्ता."

जिंकलेल्या माणसाची सही मोठी येते. क्लेमेंटची दोन ओळींत आली. खाली त्याने वळणदार अक्षरात कचेरीचं नाव घातलं, आणि मग पावती वाचली. कायद्याच्या वर्गात हा क्रम उलटा शिकवतात.

"मावशी, ही शेवटची ओळ काढता येईल?"

"का? चालत नाही मशीन?"

"चालतं."

"शॉक बसला?"

"नाही."

"मग पावतीवर खोटं कशाला लिहायचं?"

क्लेमेंटने पावती दोन्ही हातांनी उचलली. शॉकची गोष्ट त्याने काढलीच नव्हती.

"फाडायची असली तर फाड," बाई म्हणाल्या. "कार्बनची माझ्याकडे राहते."

ती ठेवायला त्यांनी खण उघडला. खणात कपड्यांच्या चिमट्यात लावलेल्या आणखी तीन पावत्या होत्या. पहिलीवर व्हिन्सेंटची सही होती. व्हिन्सेंट क्लेमेंटच्या शेजारच्या टेबलावर बसे, आणि सोमवारी परत येऊन त्याने दुकान बंद असल्याचं सांगितलं होतं. दुसरी मिस टोंगची. तिला तर म्हणे हा बाजारच सापडला नव्हता. तिसरी कुणाची ते वाचता येईना, जिंकला असावा.

"मुलगी गुणी आहे," फुंगबाई म्हणाल्या. "वळणावर फार घाबरते."

क्लेमेंटने कोट चढवला. बटण चुकीच्या काजात गेलं.

"आम्हीही वकील केलाय हो. वरच्या मजल्यावर बसतात, घड्याळवाल्याशेजारी. ते म्हणाले, कंपनीच्याच माणसांच्या पाच सह्या जमल्या की लंडनला पाठवू, मग बघू कोर्ट काय म्हणतं. तुझी धरून चार झाल्या."

त्यांनी मशीन पुन्हा खोक्यात बसवलं, नवी चिकटपट्टी लावली, तळव्याने दाबून घेतली आणि खोकं त्याच्यापुढे सरकवलं.

"तुझे साहेब खेळतात का रे?"