न पुसलेली विभूती

व्हॅन थांबली तशी शिवकन्या पुढं झाली आणि तिनं आधी ईश्वरीचं कपाळ बघितलं. तिन्ही रेघा जागच्या जागी होत्या. सकाळी पूजा आटोपून सासूबाईंनी ओल्या विभूतीची तीन बोटं नातीच्या कपाळावर ओढली होती. ती सेलूच्या इंग्रजी शाळेतून संध्याकाळी तशीच्या तशी परत आली होती. शिवकन्याचा जीव भांड्यात पडला. रोज पडायचा.

"वैनी, पोरगी लय गुणाची हाय तुमची," व्हॅनवाला परमेश्वर बसल्या जागेवरूनच म्हणाला. "मॅडम म्हनायल्या, सकाळी बसली की सुटीपर्यंत बाकावरून हालत न्हाई. बाकीच्यांनी हिच्यापासून शिकावं."

व्हॅन धुरळा उडवत गेली. ती रोज इथंच थांबायची, गावातल्या जुन्या शाळेच्या फाटकापाशी. गाडी वळवायला जागा इथंच होती. फाटकाला कुलूप होतं.

गेल्या वर्षी ईश्वरी याच शाळेत होती. तेव्हा विभूती मधल्या सुटीपर्यंतसुद्धा टिकायची नाही. भागवत सर पोरांना रांगेत बसवायचेच नाहीत. बघावं तेव्हा फरशीवर घोळके. एका पुस्तकावर दोन-दोन डोकी, मोठी पोर लहानीचा हात धरून अक्षर गिरवायलेली. पाढे असे ओरडायची, की पलीकडं किराणा दुकानात तिच्या नवऱ्याला, राजशेखरला, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही. शिवकन्या काहीतरी निमित्त काढून खिडकीपाशी जायची आणि घोर लावून घेऊन परत यायची. हे शिकवणं म्हणायचं का बाजार?

एकदा शेजारची नीलम घरी आली, तर तिच्या कपाळावर विभूती. पुसट, पण तीन रेघा. नीलमच्या घरी विभूती लावायची रीत नव्हती.

"म्या न्हाई लावली, काकू," नीलम हसत म्हणाली. "आमी डोक्याला डोकं लावून वाचायलो व्हतो. हिची मला लागली."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. शिवकन्याला हसू आलं नाही. तिला उवा दिसल्या. हयगय दिसली. आणि परभणीतली ती मुलाखत आठवली, जिथं पदवी हातात असून तिचं तोंड उघडलं नव्हतं. इंग्रजीतल्या साध्या प्रश्नाला ती नुसती टेबलाकडं बघत राहिली होती. आपली पोर अशी मुकी राहायला नको. एवढंच तर तिला पाहिजे होतं.

ईश्वरीचं नाव शाळेतून काढायचं ठरलं तसे भागवत सर घरी आले होते. "ताई, ही गेली की हिच्यामागं बाकीची जातेत. मग शाळा ऱ्हात न्हाई."

"सर, मी माझ्या पोरीचं बघू का शाळेचं?"

सरांनी चहा संपवला आणि ते गेले. पुढं ते म्हणाले तसंच झालं. दुकानदारांची पोरं गेली, मग जमीनवाल्यांची गेली, मग सरांची बदली झाली. उरलेल्यांची नावं ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत टाकली. नीलमचंही तिकडंच होतं. पण तिची आई सकाळीच कापूस वेचायला जायची आणि एकट्या पोरीला ओढा कोण ओलांडून देणार? नीलम घरीच असायची.

परमेश्वरचं बोलणं आज शिवकन्याच्या मनातून जाईना.

"ईशू, तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"कोणी नाही. एकाला एक बाक आहे."

"मग एखादं समजलं नाही तर विचारतेस कुणाला?"

ईश्वरीनं मान हलवली. हळू, जपून, डोक्यावर भरलेली घागर असावी तशी. "विचारायचं नसतं. गप बसलं की मॅडम गुड म्हणतात."

"आणि खेळायच्या सुटीत?"

"मी वर्गातच बसते. बाहेर घाम येतो."

शिवकन्यानं परत एकदा त्या रेघांकडं बघितलं. त्या अगदी सकाळच्यासारख्या नीट होत्या. सबंध दिवसात या कपाळाला कुणाचं कपाळ लागलं नव्हतं. वारं लागलं नव्हतं. पोरीनं विचार करताना त्यावरून कधी हातसुद्धा फिरवला नव्हता.

फाटकाच्या कट्ट्यावरून नीलम उतरली. ती ईश्वरीची वाट बघत तिथं बसलेली असायची, हे शिवकन्याला ठाऊक होतं. ती तिकडं बघायचं टाळायची, इतकंच. नीलमच्या हातात तेच जुनं, कोपरे दुमडलेलं पुस्तक होतं.

"ईश्वरे, हे काय हाय गं? मला इथनं फुडं येईना."

तिनं पुस्तक दोघींच्या मधे धरलं आणि सवयीनं डोकं पुढं केलं.

एरवी शिवकन्या म्हणाली असती, चल, उशीर होतोय. आज तिनं पोरीचा हात सोडला. दोन पावलं मागं सरली. पुसू दे, ती मनात म्हणाली. सगळी पुसू दे.

ईश्वरी मागं झाली. तिनं मान ताठ केली आणि तळहात कपाळापुढं धरला, टेकू न देता, जरा अंतर ठेवून. सराईतपणे.

"लांबून दाखव," ती म्हणाली. "पुसली तर मम्मीला कळतं. ती रोज आल्या आल्या बघते."